बेचाळीस मिनिटांचा फोन

मगदूमशेठनी काचेवर दोन फोन शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, "बसका पायजे का पळता, वैनी?"

मिरजेच्या बाजारात आता फोन असेच मागितले जात. कॅमेरा, पडदा, रंग या चौकशा कॉलेजच्या पोरांच्या. कामावरच्या माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असे, ती म्हणजे चार्ज व्हायला किती वेळ लागतो. पळता फोन दीड मिनिटात भरायचा. बसक्याला बेचाळीस मिनिटं लागायची. आणि उलटी गंगा अशी, की पळता स्वस्त होता आणि बसका घ्यायचा म्हटलं तर डोळे पांढरे व्हायचे.

"पळता कितीला?" हर्षलानं विचारलं. गेल्या आठवड्यातही तिनं हेच विचारलं होतं. किंमत विचारत राहिलं की निर्णय तेवढा पुढं ढकलता येतो.

"फुकटच म्हणा की. आज एक रुपाया देऊ नका, हप्ता न्हाई, व्याज न्हाई. तुमची कंपनीच देती. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज बारा तास कामाला हजर ऱ्हायचं, दोन वर्षं. मग फोन तुमचा."

"आणि बसका?"

"चौतीस हजार. रोख. कुणीतरी वापरलेला हाय, पर बॅटरी झकास. ह्यो हप्त्यानं मिळत न्हाई, बँकबी कर्ज देत न्हाई ह्याला."

"मागच्या महिन्यात एकतीस होता."

"पुढच्या महिन्यात सदतीस हुईल. बनवायचंच सोडलंय की सगळ्यांनी. हाय त्यो माल फिरतोय."

हर्षलानं पिशवीतून स्वतःचा फोन काढला. पाच वर्षांचा बसका. बॅटरी फुगून त्याची पाठ वर आली होती आणि झाकण रबरबँडनं बांधून ठेवलं होतं. कामाच्या ॲपनं सोमवारी तपासणीत तो नापास केला होता. शनिवारपर्यंत दुसरा फोन आणा, नाहीतर काम बंद. आज गुरुवार होता.

"शनिवारी येते," ती म्हणाली आणि स्कूटरकडं वळली. अजून पाच घरं बाकी होती.

हर्षला 'हाताशी' या कंपनीची घरसेविका. चाळिशी गाठलेली, अंगानं काटक, आणि गेली काही वर्षं डोळ्यांखाली काळं धरलेली. तिचं काम म्हणजे फोन सांगेल त्या घरी जायचं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून द्यायची, अंग पुसायचं, औषध द्यायचं, भरवायचं. प्रत्येक कामाला मिनिटं ठरलेली. कूस बदलायला चार, अंग पुसायला अकरा, भरवायला पंधरा. ती संपली की फोन थरथरायचा आणि पुढच्या घराचा पत्ता दाखवायचा. आजारी माणसांच्या या गावात अशी घरं संपत नसत.

या सगळ्यात बसायला मिळायचं ते एका नियमामुळं. काही वर्षांपूर्वी फोन हातात, पॉवरबँक खिशात आणि माणूस रस्त्यावर अशा अवस्थेत बॅटऱ्या पेटल्या आणि पार्सल पोचवणारी काही माणसं भाजली. ओरड झाली, समिती बसली, आणि सरकारनं ठरवलं की फोन चार्जिंगला लावला की तो पुरेसा भरेपर्यंत कामाचं ॲप बंद पडलंच पाहिजे. घड्याळ थांबलं पाहिजे, नवं काम येता कामा नये. नियम आगीसाठी होता. माणसाच्या विश्रांतीचा विचार समितीतल्या एकाच्याही मनात आला नसेल. पण आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं झालं. फोन भिंतीला लावला की बेचाळीस मिनिटं कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

कंपन्यांनी मग पाचर मारली, की बॅटरी दहा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय चार्जिंग मान्य नाही. त्यावर लोकांनी बॅटरी उतरवायची विद्या काढली. भर उन्हात खिशातल्या फोनचा टॉर्च चालू ठेवायचा. दुपारी बाराच्या सुमाराला मिरजेच्या रस्त्यांवर स्कूटरवाल्यांच्या खिशांतून उजेड पडताना दिसायचा, आणि सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस तो बघून ओळखीचं हसायचा. याची बसायची वेळ जवळ आली, हे दोघांनाही कळायचं.

मग पळता फोन आला. त्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. जुन्या बॅटरीत चार्ज होताना लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. लग्नातली पंगतच ती. एका दारानं आत यायचं, ओळीत जागा शोधायची, आधीचा सरकला की पुढच्यानं टेकायचं. घाई केली तर दारातच चेंगराचेंगरी होते. कण आत न शिरता बाहेरच धातू होऊन साचतात, त्या धातूच्या बारीक सुया वाढतात आणि एखादी सुई मधला पडदा फोडून पलीकडं गेली की बॅटरी पेटते. म्हणून जुना फोन सावकाशच भरावा लागायचा. नव्या बॅटरीत ग्राफाइट काढून नायोबियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडचा सांगाडा घातला. त्यात थर नाहीत, आरपार मोकळे बोळ आहेत. कण सगळीकडून शिरतात आणि मिळेल तिथं उभे राहतात. इस्त्रीला लागते जवळजवळ तेवढी वीज हा फोन दीड मिनिट ओढतो, फारसा तापतही नाही आणि पेटत तर नाहीच.

थोडक्यात, ज्या आगीच्या भीतीनं माणसाला बसायला मिळत होतं, ती आगच विझली. शोध चांगला होता. लावणाऱ्यांना बक्षीसही मिळालं म्हणतात. नियम अजून पुस्तकात होता आणि कंपन्या तो काटेकोर पाळत होत्या, दीड मिनिट.

हर्षलाची बेचाळीस मिनिटं हौसाक्का सुतारांच्या खोलीत जायची.

हौसाक्का किल्ला भागात एका खोलीत एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या आसपास. आयुष्यभर एका दवाखान्याच्या भटारखान्यात स्वयंपाक केला, आणि मागल्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू आणि गिळायची ताकद गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं, गिळणं काही येईना. मुलगा पुण्याला. वाईट नव्हता, 'हाताशी'चे पैसे वेळेवर भरायचा आणि पडद्यावर हिरवी खूण दिसली की आई जेवली असं समजायचा. दुपारचं जेवण हर्षलाकडं होतं. संध्याकाळचं दूध शेजारची मुमताज द्यायची.

पण भरवायला कंपनीची मिनिटं पंधरा, आणि हौसाक्कांना एक वाटी तांदळाची पेज संपवायला लागायची चाळीस. घास तोंडात घ्यायचा, हनुवटी छातीकडं झुकवायची, मग गिळायचं. डॉक्टरांनी तसं शिकवलं होतं. तो घास गालात कितीतरी वेळ तसाच राहायचा. पंधरा मिनिटांत वाटी संपली नाही की ॲप 'अपूर्ण' म्हणून नोंद करायचं. आठवड्यात अशा तीन नोंदी झाल्या की नाकातून नळी घालायची शिफारस आपोआप निघायची. डॉक्टर सही करायचे, मुलगा होकार द्यायचा, आणि मग जन्मभर नळी.

"नळी नगं गं," हौसाक्का पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. "तीस वर्षं बघितली मी नळीवाली माणसं. भात शिजल्याचा वास आला की माना वळायच्या बिचाऱ्यांच्या. आन दूध जायचं नाकात."

तेव्हापासून हर्षलानं तोड काढली. सकाळपासून टॉर्च जाळत बॅटरी उतरवायची, सव्वा वाजता हौसाक्कांच्या दारात शिरायचं तेव्हा ती नऊ टक्क्यांवर आलेली असायची. फोन भिंतीला लावला की घड्याळ बंद. मग एक घास, भिंतीला पाठ, दुसरा घास, भिंतीला पाठ. कधीकधी घासांच्या मध्ये तिचे डोळे मिटायचे आणि ती दचकून बघायची, तर हौसाक्का गालात घास धरून शांत बसलेल्या असायच्या. एकदाही वाटी अपुरी राहिली नव्हती. दिवसभरात आपल्या हातून एक तरी गोष्ट धड होते, असं हर्षलाला तेवढ्या एका खोलीत वाटायचं.

शुक्रवारी सकाळी ती मोरीत धुणं धूत बसली होती आणि बजरंग दारात दाढी करत होता. बजरंग तिचा नवरा, शीतगृहात बेदाण्याची खोकी हलवायच्या कामावर. माणूस सरळ. तिनं चौतीस हजाराचा आकडा सांगितला तेव्हा त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"भिशीतनं?"

"भिशीतनं. या महिन्यात माझा नंबर लागलाय."

"ते मशीनचं हुतं न्हवं, कपड्यांचं?"

हर्षला कपडा घासत राहिली. दहा बायकांची भिशी, आठ-नऊ महिने वाट बघून चाळीस हजार हातात आले होते आणि मशीनची जागाही त्यानं मोरीशेजारी मोजून ठेवली होती.

"हे बघ, मी वाईट बोलत न्हाई," बजरंग म्हणाला. "धुणं झालं की कंबर धरून उठतीस, ते बघवत न्हाई मला. मशीन तुझ्यासाठीच म्हणतोय. आन तू दुसऱ्याच्या म्हातारीच्या घासापायी एवढं घालणार? तिचा ल्योक हाय की. त्यानं द्यावा फोन घिऊन."

"त्यांना फोन केलता मी. डॉक्टर काय म्हणतात ते बघू, म्हणाले."

"मग झालं की. जेचं त्येनं बघावं."

त्याचं काही चुकत नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. चुकीचं बोलणाऱ्याशी भांडता येतं. हौसाक्का तिची कोण? फोन सांगतो म्हणून ती त्या घरात जाते. उद्या दुसरं घर सांगेल. परक्या बाईच्या पेजेसाठी घरातली मशीन घालवायची, असं म्हटलं की तिलाच ते खुळ्यासारखं वाटू लागलं. तिनं चादर पिळली आणि कंबर धरून उठली.

शनिवारी तिनं पळता फोन घेतला. मगदूमशेठ म्हणाले, "सात दिवसांत परत करता येतोय, पर करत न्हाई कुणी." तिनं पडद्यावर अंगठा उमटवला. सव्वीस दिवस, बारा तास, दोन वर्षं.

सोमवारपासून चौदा घरांची एकोणीस झाली. चहाच्या टपरीवर दीड मिनिटाचा चार्जर बसवलेला असायचा. फोन लावून चहा सांगावा, तर चहा यायच्या आत फोन भरायचा आणि पत्ता दाखवायचा. दोनदा तिनं चहाचे पैसे देऊन चहा तसाच ठेवला. टॉर्च जाळायचं आता काही कारण नव्हतं, तरी सकाळी निघताना बोट आपोआप तिकडं जायचं. एका घरी तिनं एका आजोबांचा उजवा हात दोनदा पुसला आणि डावा तसाच राहिला. आजोबा बोलू शकत नव्हते, त्यामुळं कळलं ते दारातून बाहेर पडल्यावर. परत जायला मिनिटं नव्हती.

हौसाक्कांना तिनं काही सांगितलं नाही. लाज वाटली. सोमवारी पंधरा मिनिटांत अर्धी वाटी झाली आणि फोन थरथरला.

"आज भिताडाला लावला न्हाईस त्यो?" हौसाक्कांनी विचारलं.

"भरलेला हाय, आक्का. जरा गडबड हाय आज."

पडद्यावर 'अपूर्ण' उमटलं. मंगळवारी तेच. हौसाक्का नेहमीसारख्याच घास गालात धरून बसल्या, हर्षला उभ्यानंच चमचा पुढं करत राहिली, आणि अर्ध्या वाटीवर मिनिटं संपली. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढं नळी दिसत राहिली. बुधवारी तिसरी नोंद पडणार होती.

बुधवारी ती खोलीत शिरली, पेज गरम केली आणि खाटेच्या काठावर बसली. आज उभं राहण्याइतकं बळ नव्हतं आणि खोटं बोलण्याइतकंही.

"आक्का, मी फोन बदलला," ती म्हणाली. "आता दीड मिनिटात भरतोय. त्यामुळं घड्याळ थांबत न्हाई. दोन दिवस अपुरं लागलंय. आज वाटी संपली न्हाई तर सांजच्याला नळीचा कागद निघणार. बसका फोन महाग हुता. घेणार हुते तुमच्यासाठी, न्हाई घेतला. माझं चुकलं."

हौसाक्कांनी फोनकडं बघितलं.

"किती मिनिटं हायत?"

"पंधरा. आता तेरा."

"दे हिकडं वाटी."

त्यांनी वाटी मांडीवर घेतली, लुळ्या डाव्या हातानं तिला आडोसा केला आणि उजव्या हातानं चमचा उचलला. हनुवटी खाली, घास गिळला. पुन्हा चमचा, हनुवटी खाली, गिळला. ठसका नाही, थांबणं नाही. हर्षला पाठीवर थाप मारायच्या बेतानं हात उचलून बसली होती, तो हात तसाच राहिला. चारेक मिनिटांत हौसाक्कांनी वाटी चमच्यानं खरवडली आणि पुढं केली.

"पाणी दे."

"ठसका नको म्हणून पावडर घालून घट्ट करू?"

"साधं दे."

साधं पाणीही त्या प्याल्या. हर्षलानं ग्लास घेतला.

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आदीपासनं. रातच्याला मुमताज चतकोर भाकरी देती, दुधात कुस्करून. आता तर कोरडीबी जाती."

"आन दुपारी पेज?"

"दुपारी पेज. बिनमिठाची. तुला काय चव जमली न्हाई शेवटपतोर." हौसाक्का हसल्या, पण हर्षला हसली नाही. तिला राग आला होता, चांगलाच.

"मी इथं जीव टांगून बसत हुते, आक्का. रोज सकाळपासनं बॅटरी जाळत यायची मी. नळी घालतील म्हणून रात्री झोप न्हाई मला. आन तुम्ही मुद्दाम..."

"आरडू नगंस. ऐक." हौसाक्कांनी तोंड पुसलं. "पहिले दोन-तीन म्हैने खरंच जात न्हवतं. जीव नकोसा हुयाचा. मग हळूहळू वाट मोकळी झाली. तुला सांगणारच हुते. त्या दिवशी घास गिळला आन बघितलं, तर तू भिताडाला टेकून झोपलेली. चमचा हातात तसाच. तोंड उघडं. माझ्या सुनेच्या वयाची बाई, आन चेहरा असा, की भटारखान्यातल्या रातपाळीच्या बायकाबी बऱ्या. म्हटलं, मी दुसरा मागितला तर ही उठंल. म्हणून गप बसले. दुसऱ्या दिवशीबी तसंच झालं. मग तिसऱ्या दिवसापासनं गालात धरून ठेवायला लागले."

"सहा महिने?"

"त्यात काय. दुपारी मला तरी कुठं जायाचं हुतं?"

हर्षलाला रडू आलं. इतके महिने ती मनातल्या मनात हौसाक्कांना बेचाळीस मिनिटं देत होती, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा ताठाही बाळगून होती. घेत होती ती स्वतः. एक म्हातारी बाई अळणी पेज गालात धरून तिला झोपू देत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिनं पदरानं डोळे पुसले.

"माझ्यासाठी घेणार हुतीस न्हवं त्यो म्हागाचा फोन?" हौसाक्का म्हणाल्या. "मग घे की आता."

"आता कशाला? आता तुम्ही जेवताय की पाच मिनिटांत."

"तुला बसाया."

"माझ्यासाठी एवढे पैसे?" हर्षला म्हणाली. ती इतक्या सहज बोलून गेली की बोलल्यावर तिचंच तिला ऐकू आलं.

फोन थरथरला. जेवण पूर्ण, सहा मिनिटं. खाली हिरवी खूण, आणि तिच्याखाली एक नवी ओळ आली होती: उद्यापासून या घरासाठी भरवण्याचा वेळ सात मिनिटं, वाचलेल्या वेळेत जवळचं एक घर जोडलं आहे. पुढचा पत्ता पडद्यावर लुकलुकत होता. हर्षला उठली, वाटी विसळून पालथी घातली आणि दाराशी गेली.

"उद्या पेज नगं," मागून हौसाक्का म्हणाल्या. "भाकरी आण. आन ठेचा."

पुढच्या घराकडं जाण्याऐवजी तिनं स्कूटर बाजाराकडं वळवली आणि रस्त्याच्या कडेला थांबून बजरंगला फोन लावला. त्याच्यामागं शीतगृहाचा पंखा घरघरत होता.

"मशीन यंदा येणार न्हाई," ती म्हणाली. "बसका फोन घेते मी."

"म्हातारीला नळी घालाया लागले व्हय?"

"न्हाई. आक्का जेवती चांगली. तुमच्यापेक्षा भराभर जेवती."

"मग?"

"मला पायजे. मी दमते हो. तीन दिवसांत मला कळलंय, मी किती दमते ते."

बजरंग आता रागावणार, असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, "एक दिवसाआड धुणं मी बघतो." आणि थोड्या वेळानं, "पर चादरी न्हाई धुणार."

"बरं," ती म्हणाली.

भिशीचे पैसे शनिवारपासून पिशवीतच होते, त्यातले चौतीस हजार तिनं दुकानाच्या काचेवर मोजले. मगदूमशेठनी पळता फोन उलटासुलटा करून पाहिला. ओरखडा नव्हता, पडदा शाबूत होता. "पहिल्यांदाच परत येतोय एक," ते म्हणाले. "कंपनीला कारण द्यावं लागतंय, वैनी. हे बघा, यातलं कुठलं दाबू?" त्यांनी दुकानाचा पडदा तिच्याकडं फिरवला. पडदा खराब. आवाज कमी. बॅटरी टिकत नाही. चार्जिंग हळू. पैसे भरण्याची पद्धत गैरसोयीची. इतर.

"चार्जिंग लई भराभर हुतंय," हर्षला म्हणाली.

"तसं न्हाई यात."

"मग इतर दाबा."

त्याखाली एक रिकामी चौकट उघडली. मगदूमशेठनी तिच्यापुढं कीबोर्ड सरकवला. तिनं एका बोटानं लिहिलं: मी दमले.

चौकट लाल झाली. 'कारण अपुरे आहे. किमान चाळीस अक्षरे लिहा.'

"पडद्यात दोष हाय म्हणून लिहा की," मगदूमशेठ म्हणाले. "लगेच घेतंय. दुसरा माल परत करताना सगळी तसंच लिव्हत्यात."

हर्षलानं नकारार्थी मान हलवली. काचेच्या कोपऱ्यावर ठेवलेला पळता फोन पुढच्या घराचा पत्ता दाखवत तिसऱ्यांदा थरथरत होता आणि तिथं कुणीतरी कूस बदलायची वाट बघत असणार, हे तिला ठाऊक होतं. तिकडंही ती जाणारच होती. पण आधी हे. तिनं पहिले दोन शब्द तसेच ठेवले आणि पुढं सावकाश लिहीत गेली: मी दमले. मला रोज दुपारी बेचाळीस मिनिटं बसायचं आहे. दुसऱ्या कुणाला भरवायला नाही, माझं मला. त्याचे पैसे मी भरते आहे.

मगदूमशेठनी वाचलं आणि विचारलं, "पाठवू?"

"मी पाठवते," म्हणून तिनं स्वतःच बटण दाबलं.